बारा महिने संपले, दोन वर्षं अजून नाहीत

डिचोलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकलची दोन्ही स्पोकची चाकं त्यांनी म्हापशात ट्यूबलेस करून घेतली. त्याच फेरीत पॅनियरचा (सामानाच्या पेटीचा) रॅक, दोन जादा एलईडी दिवे आणि क्रॅश गार्डही बसवला. पुढे चोर्ला घाट उतरताना मागच्या टायरमधली हवा गेली आणि गाडी कठड्याला घासत पडली. दुरुस्तीचा खर्च ६८,००० रुपये. तीन महिन्यांनी विमा कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: ‘वाहनात अनधिकृत फेरबदल, मोटार वाहन कायदा कलम ५२ चा भंग, सबब दावा नामंजूर.’ त्या पत्राला आता बावीस महिने झाले. या काळात त्यांनी कंपनीला अकरा ईमेल पाठवले. एजंट म्हणतो, पॉलिसीत बारा महिन्यांची अट आहे, आता विसरा. वाचकाचा प्रश्न: ट्यूबलेस करणं बेकायदा आहे का?

दर पावसाळ्यानंतर अशी चार-पाच पत्रं येतात. गाडी बदलते, घाट बदलतो, प्रश्न तोच. आणि दर वेळी तो चुकीचा असतो. ट्यूबलेस कायदेशीर की बेकायदा, यावर वर्षभर वाद घालता येईल. पण तुमच्याकडे वर्ष नाही, दोन महिने आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. विम्यात हे कारण साधारणपणे नकारपत्राच्या तारखेला घडतं. त्यानंतर तुम्ही अकरा ईमेल पाठवा नाहीतर एकशे अकरा, मुदत पुढे सरकत नाही. ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ या उत्तराने कंपनीचं काही जात नाही, तुमचा महिना जातो. आणि समोरच्या वकिलाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर निभावून जाईल, अशी आशा ठेवू नका. मुदत ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात सांगितलं आहे.

आता एजंटच्या बारा महिन्यांबद्दल. अट खरी आहे. जुन्या नमुन्याच्या मोटार पॉलिसीत लवादाच्या कलमाच्या शेपटीला ती असते: कंपनीने जबाबदारी नाकारल्यापासून बारा महिन्यांत कोर्टात गेला नाहीत तर दावा सोडून दिला असं समजलं जाईल. एजंटने ती वाचली, हेच विशेष. पण भारतीय करार कायद्याचं कलम २८ त्याने वाचलेलं नाही. जानेवारी १९९७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, ठरावीक मुदत संपली की हक्कच संपतो असं सांगणारी कराराची अट तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. कंपनी या अटीवर बोट ठेवील आणि १९९७ पूर्वीच्या पॉलिसींवरचे निकाल दाखवील. तुमची पॉलिसी नंतरची आहे, एवढं उत्तर पुरे.

बारा महिन्यांत गेलं ते दुसरंच काहीतरी. विमा लोकपालाकडे नकारानंतर एका वर्षात जाता येतं. गोव्याची प्रकरणं मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, फी नाही, वकील लागत नाही. तुमच्या रकमेला तोच रस्ता सगळ्यात सोपा होता. तो तुम्ही ईमेल लिहिण्यात घालवला.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही डिचोलीत राहता, म्हणून उत्तर गोव्याचा. विमा कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र मोजताना तुम्ही भरलेला हप्ता धरतात, नुकसान नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवर चढवता येते. सोबत शपथपत्र, पॉलिसीची पूर्ण प्रत (पहिलं पान नव्हे, अटींसकट), नकारपत्र, दावा-अर्जाची प्रत, दुरुस्तीची बिलं, आरसी, लायसन्स आणि ते अकरा ईमेल. नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअरचा अहवाल तुमच्याकडे नसेल, कारण कुणीच मागत नाही. आजच लेखी मागा. त्याची प्रत मिळणं हा विमाधारकाचा हक्क आहे. कंपनीने दिली नाही तरी तुम्ही मागितली होती हे कागदावर राहतं. मात्र अहवालासाठी तक्रार अडवून ठेवू नका.

तक्रारीचा कणा नकारपत्रच. त्यात जे कारण लिहिलंय, त्यापलीकडचं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. तुमच्या पत्रात एकच कारण आहे, कलम ५२. देखभालीत हयगय नाही, यांत्रिक बिघाड नाही, उशिरा कळवलं हेही नाही. घाईत लिहिलेल्या दोन ओळींनी कंपनीने स्वतःलाच बांधून घेतलंय. म्हणून तक्रारीत बाकी कशालाही हात लावू नका. तुम्हीच ‘मी देखभाल नीट करत होतो’ अशी पानभर बाजू मांडलीत तर बंद दार तुम्हीच उघडून द्याल.

आणि कलम ५२ चं काय? त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात ‘फेरबदल’ म्हणजे काय ते दिलंय: वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. स्पोकची बुडं आतून सील करणं आणि ट्यूब काढून व्हॉल्व बसवणं या व्याख्येत बसतं, असं मला वाटत नाही. कलमाचा मुख्य भाग आरसीवरच्या तपशिलांबद्दल आहे आणि दुचाकीच्या आरसीवर ट्यूब आहे की नाही हे लिहिलेलं नसतं. टायरचा आकार पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ हाच ठेवला असेल तर तुमचा पाय भक्कम आहे. दिसायला रुंद म्हणून मागे दुसरा आकार चढवला असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. समोरून जयचंद्र प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल येईल. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं त्यात म्हटलंय. मात्र तो कलम ५२ चाच अर्थ लावतो, दाव्याचा निकाल लावत नाही. आयोग कोणती बाजू घेईल याची हमी मी देणार नाही. हिमालयन ४५० साठी रॉयल एनफिल्डनेच २०२४ मध्ये ट्यूबलेस स्पोक चाकं उपलब्ध केली, हे सांगायला हरकत नाही. पण ते दुधारी आहे: ती चाकं मान्यता घेतलेली आहेत आणि तुमच्या ४११ ची नाहीत.

कलम ५२ ओलांडलंत तरी एक प्रश्न उरतो. बदल आणि अपघात यांचा संबंध होता का? इथे तुमच्या पत्रातली शेवटची ओळ कामाला येते: ‘ते मागचं चाक टायरसकट पडवीत पडलंय, भंगारात द्यायचं आहे.’

देऊ नका. पुसूही नका. टायर रिमवर असेल तर तसाच राहू द्या. निघाला असेल तर पुन्हा चढवू नका. आधी फोटो, मग एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरचा किंवा परवानाधारक सर्वेअरचा लेखी अभिप्राय. त्याच्याकडून पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

रिमवर कोरलेला आकडा वाचायला सांगा. आकारासोबत ‘एमटी’ असेल तर टायरची कड जिथे बसते तिथे आतून एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी कड आत घसरत नाही. ‘डब्ल्यूएम’ असेल तर तो उंचवटा नाही, आणि हवा कमी झाली की वळणावर कड सुटू शकते. घाटात ‘हवा एकदम गेली’ असं घडतं ते बहुतेक वेळा असं. खिळ्याने ट्यूबलेसमधली हवा एकदम जात नाही, हळूहळू जाते. दुसरं, टायरच्या बाजूला ‘ट्यूबलेस’ लिहिलंय की ‘ट्यूब टाइप’? ट्यूब टाइपच्या आत हवा धरून ठेवणारा रबराचा थर नसतो. तो विनाट्यूब चढवला असेल तर स्पोक कितीही नीट सील केले तरी टायर रोज थोडा थोडा बसत राहतो. तिसरं, व्हॉल्व. ट्यूबच्या रिमचं भोक ८.३ मिलिमीटर, रबरी ट्यूबलेस व्हॉल्वला ११.३ लागतं. ड्रिलने भोक मोठं केलंय, की ८.३ चा धातूचा व्हॉल्व नटाने आवळलाय? ड्रिल करून काठ खडबडीत सोडला असेल तर रबर तिथेच कापलं जातं.

मग सील. चाकाला छत्तीस स्पोक असतील तर छत्तीस जागा. चांगलं काम असं होतं: आधी चाक ट्रू करायचं (डगमग काढून सरळ करायचं), मग प्रत्येक निपलचं (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाचं) डोकं घासून अ‍ॅसिटोनने तेल काढायचं, प्रत्येकावर सीलंटचा ठिपका, पूर्ण वाळू द्यायचं, वरून सलग टेपचा पट्टा, आणि शेवटी हवा भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक निपल तपासायचं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वापरलं असेल तर ते धातू खातं. निपलभोवती पांढरी पूड दिसेल. आणि सील केल्यानंतर कुणी स्पोक आवळले असतील तर त्या निपलचं सील गेलं. दर सर्व्हिसला ‘स्पोक टाइट करा’ सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मागच्या चाकाचे स्पोक तुमच्या सर्व्हिस सेंटरने कधी आवळले, जॉबकार्डं शोधून काढा.

हे सगळं यासाठी की टायरच्या बाजूला दगडाने चिरलेला काप किंवा रिमला खळगा सापडला, तर सील केलं नसतं तरी हवा गेलीच असती, असं तुम्ही म्हणू शकता. सील सुटलेलं सापडलं तर अभिप्राय फाईलमध्येच राहू द्या आणि फक्त नकारपत्र व कलम ५२ वर लढा. संबंध सिद्ध करणं कंपनीचं काम आहे, तुमचं नाही.

गॅरेजवाल्यालाही ओढायचं का, असंही तुम्ही विचारलंय. दोन अडचणी. त्याच्याविरुद्धचं कारण फार तर अपघाताच्या दिवशी घडलं, आणि अपघात नकारपत्राच्या तीन महिने आधीचा. म्हणजे त्याची दोन वर्षं गेली. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ‘मी ईमेल पाठवत होतो’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. शिवाय कंपनीला सांगायचं की सीलमुळे काही झालं नाही, आणि गॅरेजवाल्याला सांगायचं की तुझ्या सीलमुळे झालं: एकाच तक्रारीत हे दोन्ही बोलणं अवघड. बिलही घेतलेलं नाही म्हणता. मग सोडाच.

रकमेबद्दल. ६८,००० पूर्ण मिळतील असं मनात धरू नका. रबर, प्लास्टिक आणि टायरवर पन्नास टक्के घसारा आधीच कापला जातो. रॅक, दिवे आणि गार्ड पॉलिसीत जाहीर करून त्यांचा हप्ता भरला नसेल तर त्यांचे पैसे येणार नाहीत. किती जणांना सांगितलं तरी हे कुणी करत नाही. विद्युत वस्तूंसाठी तर स्वतंत्र पुरवणी घ्यावी लागते. कंपनीची बाजू अंशतः मान्य झाली तर पंचाहत्तर टक्क्यांवर तडजोड हा मार्ग आयोगाला खुला असतो. २०१० च्या अमलेंदु साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आहे. मुख्य मागणीनंतर पर्यायी मागणी म्हणून तो लिहूनच ठेवा.

पुढच्या वेळी उपयोगी पडेल तेवढंच. पॅनियर मागच्या स्वाराच्या पाठीमागे असेल तर मोटार वाहन नियमांच्या २०२० च्या दुरुस्तीतली कमाल मापं ५५० × ५१० × ५०० मिलिमीटर पाहा. जादा दिव्यांनी समोरच्याचे डोळे दिपत असतील तर वाहतूक खात्याच्या माणसाशी वाद घालू नका. बेकायदा फेरबदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. 

तक्रार दाखल झाल्यावर कंपनीला उत्तरासाठी तीस दिवस, वाढवून फार तर पंचेचाळीस. त्यापुढे उत्तर घेता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलंय. निकाल तीन महिन्यांत लागावा, असं कायदा म्हणतो. मी ते वाचून फक्त मान हलवतो. तारखा पडतील, सदस्यपद रिकामं असेल, कंपनीचा वकील वेळ मागेल. तक्रार मात्र मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका. पोर्टलवरच्या त्रुटी दुरुस्त करायलाच आठ-दहा दिवस जातात, आणि त्रुटी दुरुस्त केल्याची तारीख दाखल तारीख धरायची की नाही यावर नवा वाद होतो.

नकारपत्राची तारीख पुन्हा एकदा पाहा. ईमेलची नव्हे, पत्रावर छापलेली. त्यात दोन वर्षं मिळवा आणि त्याच्या महिनाभर आधीचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. चाक पडवीतून उचलून एका पोत्यात बांधा, वर तारीख टाका, आणि भंगारवाला आला तर त्याला पुढच्या घरी पाठवा.