लान्झारोतेची तिकिटे काढण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कचेरीतले आयरिश सहकारी वर्षानुवर्षे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्झारोते बेटावरच्या पुएर्तो देल कारमेन या गावी जातात, म्हणून फेब्रुवारीत आई-बाबांना आणि दीड वर्षाच्या लेकीला घेऊन आपणही तिथेच जावे, असे तुझ्या मनात आहे. ठिकाण वाईट नाही. डब्लिनहून थेट विमान चार-सव्वाचार तासांत पोहोचते, गाव विमानतळाला लागूनच म्हणावे इतके जवळ आहे आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत. मात्र तुझ्या सहकाऱ्यांना जे कधी विचारावेच लागत नाही, ते तुला सर्वांत आधी विचारावे लागेल.

आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; स्पेन आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर, हाती आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडचा निवास-परवाना, असले तरी, तुम्हा प्रत्येकाला, अगदी लेकीलाही, शेंगेन व्हिसा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण अर्जासाठीची वेळ मिळण्यातच आठवडे निघून जातात. आई-बाबांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. हा अर्ज साधारणपणे आपण जिथले रहिवासी आहोत तिथूनच करायचा असल्याने, त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच तो करावा; शिवाय त्यांचा आयरिश व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एकाच प्रवेशाचा असेल, तर ते स्पेनला जाऊ शकतील, पण डब्लिनला परत येऊ शकणार नाहीत.

महिना तू बरोबर निवडला आहेस. आयरिश लोकांची इतर आवडती ठिकाणे, म्हणजे मायोर्कातले सांता पोन्सा किंवा पोर्तुगालमधले अल्बुफेरा, ही उन्हाळ्याची. हिवाळ्यात तिथली कितीतरी हॉटेले बंद असतात. कॅनरी बेटे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असल्याने फेब्रुवारीतही दुपारी वीस अंशांच्या आसपास ऊन मिळते. तेवढ्या उन्हाने पोहण्याच्या तलावाचे पाणी मात्र तापत नाही, तेव्हा ते तापवलेले असते का, हे लेखी विचारून घे. शाळांच्या मधल्या सुटीचा आठवडाही टाळ. त्या दिवसांत भाडी अकारण चढतात आणि तुला शाळेचे बंधन अजून नाही.

आता जागेविषयी. पुएर्तो देल कारमेन समुद्रकाठाने लांबच लांब पसरले आहे आणि त्याच्या मागे चढ आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘समुद्रापासून सहाशे मीटर’ एवढेच वाचून घर घेतले; ते सहाशे मीटर जवळजवळ उभेच होते. बेटावरचे नळाचे पाणी समुद्राचे खारेपण काढून केलेले असते, म्हणून पिण्यासाठी बहुतेक जण दुकानातले आणतात. एका हातात आठ लिटरचा कॅन आणि दुसऱ्या हाताने बाबागाडी ढकलत मी तो चढ रोज संध्याकाळी चढलो, आणि तेव्हा माझे गुडघे तुझ्या बाबांच्या गुडघ्यांपेक्षा बरे होते. त्यामुळे अंतराबरोबर उंचीही पाहा. जुन्या बंदराजवळ खाली, सपाटीवर घर मिळाले तर थोडे जास्त पैसे मोज. मात्र ज्या रस्त्यावर आयरिश पबांची रांग आहे, तिथली रस्त्याकडची खोली घेऊ नकोस, कारण गाणी मध्यरात्रीनंतरही चालू असतात.

आईंच्या जेवणाची काळजी तू केली आहेस तेवढी नको. मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले, सुरकुतलेले लहान बटाटे तिथे सर्वत्र मिळतात आणि त्यांच्यासोबतचा हिरवा मोहो हा तिथला सॉस म्हणजे लसूण, कोथिंबीर, तेल आणि व्हिनेगर यांची जवळपास आपली चटणीच. त्या दुसऱ्यांदा मागवतील, असा माझा अंदाज आहे.

घर नक्की करण्यापूर्वी पत्ता मला कळव. त्या बाजूचे बहुतेक रस्ते मी पायी चढलेले आहेत.

तुझा,
काका