मित्राला दोन लाख उसने दिले, दोन वर्षं झाली, आता तो फोन उचलत नाही. काही ऑनलाइन, काही रोख दिले होते, लिहून घेतलेलं नाही. कोर्टात जाऊन पैसे मिळतात का?

मिळतात भाऊ, पण दावा जिंकणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं. मी दोन्हीतून गेलोय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. २०१६ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी शाळेतल्या जुन्या मित्राला अडीच लाख दिले. दीड लाख बँकेतून, एक लाख रोख. पुढच्या आखाजीला परत द्यायची बोली होती. विचारलं की एकच उत्तर, "देसू ना भाऊ, आखाजीले." कोणत्या आखाजीले, ते काही कळलं नाही. तिसरी जवळ आली तेव्हा वकिलाकडे गेलो, तर त्यांनी आधी तारीख विचारली. उसने पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा टाकावा लागतो, माझे तीनच आठवडे उरले होते! तुमच्याकडे वर्ष आहे. त्या मुदतीत त्याने "इतके देणे आहे" असं लिहून सही केली तर सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मोजतात. म्हणून भांडण करण्याआधी गोडीने ती सही मिळते का बघा. नुसतं तोंडी "देतो"ने मुदत वाढत नाही.

पोलिसांकडे मीही गेलो होतो. "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं. त्याने दिलेला चेक वटला नसता तर गोष्ट वेगळी होती. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. यातली एक तारीख चुकली की केस लंगडी होते.

माझ्याकडे चेक नव्हता. माझ्या वकिलाच्या नोटिशीला त्याचं उत्तर आलं की हे पैसे केळीच्या व्यापारात भागीदारीचे होते आणि तोटा झाला. तुमचाही मित्र असंच काहीतरी म्हणेल, तयारी ठेवा. मला वाचवलं ते त्याच्याच एका व्हॉट्सॅप मेसेजने, "केळीचे पैसे आले की तुमचे उसने देतो." मोबाईल बदलला तरी ते चॅट पुसू नका. कोर्टात द्यायला प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतात. रोखीच्या एक लाखाला मात्र ना साक्षीदार ना चिठ्ठी, ते गेले. बँकेतल्या दीड लाखाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा आदेश, २०२२ मध्ये झाला, दाव्यापासून सहा टक्के व्याजासह.

मला वाटलं संपलं. वकील म्हणाले, आता दरखास्त टाका. म्हणजे वसुलीसाठी पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा, आणि त्याचं कुठे काय आहे ते शोधून द्यायचं काम आपलंच. शेतकऱ्याची औतं, बैल आणि राहतं घर जप्त होत नाही. नशिबाने माझा मित्र पगारदार होता. पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीचं कापता येतं, तेही जास्तीत जास्त २४ महिने. हिशोबाला धरलेला पगार २५ हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार. पूर्ण व्हायला २०२५ उजाडलं. तुमच्या मित्राला पगार आहे का, शेती त्याच्या नावावर आहे की बापाच्या, हे दाव्याआधीच काढा. काहीच नावावर नसेल तर वकिलाची फी घालू नका.

आणि व्याज लावून दिले असतील तर ते वकिलाला आधीच सांगा. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केला असं समोरून दाखवलं गेलं, तर दावा अडकतो.

लोकअदालतीत माझा मित्र एकरकमी एक लाख वीस हजार द्यायला तयार होता. कोर्ट फीही परत मिळाली असती. मी रागात नाही म्हटलं. आज घेतले असते.