पेशीचा शोध रॉबर्ट हूक यांचा की लेव्हेनहूक यांचा?

हूक यांना बुचाच्या कापात केवळ मृत पेशींच्या भिंती दिसल्या असतील, तर शोधाचे श्रेय जिवंत सूक्ष्मजीव पाहणाऱ्या लेव्हेनहूक यांना का देऊ नये, असे आपण विचारले आहे. मी जीवशास्त्र शिकवतो आणि माझ्या मते श्रेय हूक यांचेच आहे. मात्र त्यांनी नेमके काय शोधले, हे पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीतून कळत नाही.

१६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकात हूक यांच्यापुढे जीवसृष्टीचा मूळ घटक कोणता, हा प्रश्नच नव्हता. बूच इतके हलके का, दाबले तर दबून पुन्हा फुगते कसे आणि पाणी का शोषत नाही, हे त्यांना समजून घ्यायचे होते. धारदार चाकूने काढलेला अतिशय पातळ काप त्यांनी काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर प्रकाश टाकला, तेव्हा त्यांना लहान लहान बंद खण दिसले. एक अष्टादशांश (१/१८) इंचात असे सुमारे ६० खण त्यांनी मोजले आणि त्यावरून एका घन इंचात सुमारे १२६ कोटी खण असतील, असा हिशेब मांडला. या खणांत कोंडलेली हवा हेच त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर होते.

त्यांनी मृत पेशीच पाहिल्या, हे विधानही अपुरे आहे. गाजर, बडीशेप अशा वनस्पतींतही त्यांना तशीच रचना आढळली, आणि हिरव्या वनस्पतींतले हे खण रसाने भरलेले असतात, अशी नोंद त्यांनी त्याच प्रकरणात केली आहे. प्राण्यांच्या शिरांप्रमाणे हा रस वाहून नेणाऱ्या वाटा त्यांनी शोधल्या. त्या सापडल्या नाहीत, तरी त्या असाव्यात, असे त्यांना वाटत होते.

डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांची एकाच भिंगाची उपकरणे कितीतरी प्रभावी होती. टिकून राहिलेल्यांपैकी एक वस्तूला सुमारे २७० पट मोठे दाखवते. १६७४ साली तळ्याच्या पाण्यात आणि १६७६ पर्यंत जिवाणूंच्या रूपात त्यांनी जिवंत एकपेशीय जीव पाहिले, आणि १६७७ साली रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या सदस्यांसमोर त्या निरीक्षणांची खात्री करून देणारे हूक स्वतःच होते. तरीही हे इवले प्राणी आणि बुचातले खण यांचे नाते दोघांपैकी कोणीही जोडले नाही.

ते जुळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली, कारण संयुक्त, म्हणजे एकाहून अधिक भिंगांच्या, सूक्ष्मदर्शकात वस्तूभोवती रंगीत कडा दिसत. १८३० च्या सुमारास हा दोष बराच कमी झाला, १८३१ साली रॉबर्ट ब्राउन यांनी वनस्पतिपेशीतल्या केंद्रकाचे, म्हणजे पेशीच्या आतल्या गोलसर भागाचे, महत्त्व ओळखले आणि १८३८ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांनी वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, असे मांडले. प्राणिपेशींना भित्तिका नसल्याने त्या वेगळ्या ओळखणे अवघड होते. बेडकाच्या डिंभाच्या (पिल्लाच्या) पृष्ठरज्जूत, म्हणजे पाठीतल्या आधार देणाऱ्या दांड्यात, आणि कूर्चेत (मऊ हाडात) मात्र त्या वनस्पतिपेशींसारख्या ठसठशीत दिसतात, आणि तिथूनच जर्मन शास्त्रज्ञ श्वान यांनी १८३९ साली दोन्ही सृष्टींची रचना एकच असल्याचे दाखवले.