पार्किन्सनवर व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना अडुसष्टाव्या वर्षी पार्किन्सन निघालाय, गावातले लोक ताकदीच्या गोळ्या घ्या, पिवळी सलाईन लावा म्हणतात, तर नेमकं कोणतं व्हिटॅमिन सुरू करावं.

मी डॉक्टर नाही. आर्वी तालुक्यात माझं मेडिकल आहे, आणि बाबांना कंपवात, म्हणजे हाच पार्किन्सन, होऊन आठ वर्षं झाली. म्हणजे गोळ्या विकणाराही मीच आणि बापाला खाऊ घालणाराही मीच. त्यातली पहिली दोन वर्षं मी चुकीचंच खाऊ घातलं, म्हणून हे एवढं लिहितोय.

बाबांचा उजवा हात बोंडातला कापूस एका झटक्यात ओढून काढणारा. त्याच हाताला सदऱ्याची गुंडी लागेना, तेव्हा नागपूरला दाखवलं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू झाली. गोळी लागली की अर्ध्या-पाऊण तासात चाल मोकळी व्हायची, स्वतःच्या हातानं चहा घ्यायचे. मी मेडिकलवाला पोरगा, मला राहवतंय थोडंच! सकाळच्या गोळीसोबत लोह असलेली मल्टीव्हिटॅमिनची कॅप्सूल आणि वरून ग्लासभर दूध. दुपारची गोळी वरण-भातावर. मग बाबांची रोजची कुरकुर सुरू झाली, की गोळी कधी लागते, कधी लागतच नाही. एक दिवस तर म्हणाले, "मले खोटी गोळी देतं का रे?"

गोळी खरीच होती. लेव्होडोपा ज्या वाटेनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते, त्याच वाटेनं दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांचे अंश जातात. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारात जी रेटारेटी होते तीच तिथं होते, आणि गोळी मागं राहते. लोह त्याहून वाईट. ते आतड्यातच लेव्होडोपाला धरून बसतं. म्हणजे मी प्रेमानं दिलेली ताकदीची कॅप्सूल बाबांच्या खऱ्या औषधाचा जोर कमी करत होती.

आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्यासोबत. ते चुकलंच तर जेवणानंतर तासाभरानं. लोह द्यायचं असेल तर मध्ये किमान दोन तास. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर मूठभर मुरमुरे चालतात. दूध-वरण मात्र बंद करू नका, या आजारात माणूस आधीच वाळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं, लेव्होडोपाचं मेंदूत गेल्यावर तेच बनतं. मेंदूच्या मध्यभागी हे डोपामिन तयार करणाऱ्या पेशी आहेत, त्या या आजारात हळूहळू मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. व्हिटॅमिन घेऊन त्या परत येत नाहीत. उरलेल्या तरी वाचतील या आशेनं अमेरिका-कॅनडात ८०० रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, डाटाटॉप नावाचा. व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट दिलं. १९९३ साली निकाल आला, ई घेणाऱ्यांना काही फायदा नाही. कोएन्झाइम क्यू-१० च्या महागड्या कॅप्सूलचं तेच झालं. ६०० रुग्णांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यताच उरली नव्हती. माझ्या दुकानात ती कॅप्सूल आजही आहे. कंपवातासाठी कोणी मागितली की मी नको म्हणतो. गिऱ्हाईक बरेचदा दुसऱ्या दुकानातून घेतं, ती गोष्ट वेगळी.

पण बी-१२ ची गोष्ट निराळी आहे, ती नीट वाचा.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी बाबा वावरातून घरी आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी धुऱ्यावरच राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मला विचारतात, "माही एक चप्पल कुठी रायली रे?" तळव्यांना मुंग्या येत होत्या, पाय बधिर होता, अंधारात तोल जायचा. आम्ही सगळे समजलो, आजार वाढला. डॉक्टरांनी गोळीचा डोस न वाढवता आधी रक्त तपासलं. बी-१२ निघालं १३२. साधारण २०० च्या खाली कमी धरतात.

आमचं घर माळकरी, अंडंही नाही. त्यात बाबा वर्षानुवर्षं सकाळी गॅसची गोळी घ्यायचे, ती बी-१२ नीट शोषू देत नाही. शुगरच्या मेटफॉर्मिनचंही तसंच. आणि लेव्होडोपा शरीरात मोडताना बी-१२ आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडवालं बी व्हिटॅमिन) खर्ची पडतं, हे मला मेडिकल चालवूनही माहीत नव्हतं. बी-१२ ची लाल इंजेक्शनं सुरू केली. चार-पाच महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, चप्पल पायात राहू लागली. हाताची थरथर होती तशीच राहिली. कारण ती पार्किन्सनची होती, मुंग्या बी-१२ च्या होत्या.

बी-६ बद्दल जुने लोक घाबरवतात. कारण पूर्वी नुसती लेव्होडोपा देत, तेव्हा बी-६ मुळे तिचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊन जायचं. आता सोबत कार्बिडोपा असते, ती हे थांबवते, त्यामुळे साध्या मात्रेची भीती नाही. उलट लेव्होडोपा-कार्बिडोपाचा डोस बराच वाढला की शरीरातलं बी-६ कमी पडू शकतं, ते डॉक्टर बघतील. पण आपल्या मनानं जास्त ताकदीचं बी-६ महिनोन्‌महिने घेऊ नका, त्यानंच पाय बधिर होतात.

व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पण रोगी पडवीत कूलरसमोर बसलेला असतो, त्याला ऊन कुठून लागणार? डीनं कंपवात थांबत नाही. पण हे लोक पडतात, आणि हाड ठिसूळ असलं की खुबा मोडतो. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. माझं एक गिऱ्हाईक ती रोज दुधात टाकून पीत होतं, बरं झालं लवकर लक्षात आलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, चूर्णाच्या डब्यांसकट. मामांनी बाबांना वैदूकडून एक भुकटी आणून दिली होती, ती निघाली खाजकुयलीच्या बियांची. त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असते, आपल्या गोळीतलीच. ती किती पोटात जाते ते डबीवर लिहिलेलं नसतं. त्या पंधरवड्यात लेव्होडोपा जास्त झाल्यानं बाबांची मान आणि खांदे बसल्या जागी वेलीसारखे वळवळत होते, आणि आम्ही डॉक्टरांना फोन करून सांगत होतो की नवं काहीच सुरू केलेलं नाही.