शेतकरी संघटनेचा स्वस्त हेल्थ प्लॅन घ्यावा का?

नवऱ्याचा जॉब गेलाय, मार्केटप्लेसवरच्या (म्हणजे इथे अमेरिकेत सरकारी व्यवस्थेतून घ्यायच्या) विम्याचा हप्ता झेपत नाही आणि शेतकरी संघटनेचा, म्हणजे इथल्या 'फार्म ब्युरो'चा, प्लॅन जवळपास निम्म्यात मिळतोय, हे तुमचं वाचलं आणि चार वर्षांपूर्वीची मीच दिसले.

आमचा शेतीशी संबंध बाल्कनीतल्या कोथिंबिरीपुरता. पण इथे सातबारा कोण मागतंय! वर्गणी भरली की सभासद. टेनेसी राज्यात हे जुनंच आहे, नंतर आयोवा (२०१८), कॅन्सस (२०१९), इंडियाना (२०२०), टेक्सास आणि साउथ डकोटा (२०२१) यांनीही कायदे केले. कायद्याच्या लेखी हा इन्शुरन्सच नाही, त्यामुळे राज्याचे विम्याचे नियम लागू नाहीत. आमचा एजंट याला 'कागदोपत्री बाब' म्हणाला होता. कार्ड मिळतं, नेटवर्क असतं, दरमहा पैसे कापले जातात, मग मीही मान डोलावली.

सहा महिन्यांत पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं. पुण्याला गेले असताना हौसेने केलेल्या फुल बॉडी चेकअपमध्ये खडे दिसले होते, म्हणजे आजार जुना, म्हणजे बिल आमचं. राज्याच्या विमा खात्याला फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, हा विमा नाही, तक्रार आम्ही घेऊच शकत नाही. मग जायचं कुठे? तेही तिला माहीत नव्हतं.

पण खरी घोडचूक त्याआधीची. ऑफिसचं कव्हरेज संपल्यावर मार्केटप्लेसवर जायला ६० दिवस असतात, ते मी या स्वस्ताईपायी घालवले. हा प्लॅन सोडला तर ती खिडकी पुन्हा उघडत नाही, कारण सरकारच्या हिशेबी तुमच्याकडे कव्हरेज नव्हतंच. मग दरवर्षीची नोंदणी सुरू होते त्या १ नोव्हेंबरची वाट पाहा, आणि विमा सुरू १ जानेवारीला. ते महिने कसे काढले ते विचारू नका.

मी एजंट नाही, नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. अगदी ठणठणीत असलेल्यांचं या प्लॅनवर छान चाललेलं मी पाहिलंय. पण घरात बीपी, शुगर, थायरॉइड यातलं काहीही असेल तर माझ्या मते नकोच.

आणि मार्केटप्लेसवर किंमत बघताना जुना पगार तर टाकला नाहीत ना? या वर्षाचं अंदाजे उत्पन्न टाकून बघा, सबसिडीचा आकडा बदलतो. ते ६० दिवस मोजताना जॉब गेल्याची नाही, कव्हरेज संपल्याची तारीख धरा.