देवावरचा विश्वास उडाला, आता प्रकृतीची जबाबदारी कोणाची?

श्रद्धा सुटलेल्या माणसाला आजारपण आले की घरातले, भावकीतले आणि कधीकधी तो स्वतःही मनात एकच शंका धरतो: देव सोडला म्हणून तर हे झाले नसेल? तिच्या पाठोपाठ दुसरी शंका येते, की आजवर ज्याच्यावर भार टाकता येत होता तोच आता उरला नाही, तर हे दुखणे निभवायचे कोणाच्या बळावर? परभणीत समुपदेशनाचे काम करताना हे दोन्ही प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात, आणि ते विचारणाऱ्यांत शिकलेला आणि अडाणी असा फरक फारसा दिसत नाही. त्यांचे उत्तर मी येथे एका व्यक्तीच्या हकिगतीतून देत आहे. नाव, व्यवसाय आणि ओळख पटेल असे सर्व तपशील अर्थातच बदललेले आहेत.

माधवराव मानवत तालुक्यातले, वय 47, गावात बी-बियाणे आणि खतांचे दुकान. घर पिढ्यानपिढ्या माळकरी. त्यांनी स्वतः महाविद्यालयात असताना माळ घातली होती. ते एकादशी धरत, संध्याकाळी हरिपाठाला बसत आणि दुकानातून सवड मिळेल त्या वर्षी दिंडीबरोबर चालत. वडिलांचे तेरावे झाले त्याच आठवड्यात त्यांनी माळ काढून आईच्या हातात दिली आणि यापुढे देवाधर्माचे काही सांगू नका, असे घरात बजावले. त्यानंतर दोन वर्षांनी डोळ्यांना अंधूक दिसू लागले म्हणून तपासणी केली, तेव्हा उपाशीपोटीची साखर 238 आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 10.4 टक्के निघाली. ही तपासणी 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरला जातो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, माधवरावांनी त्या महिनाभर घेतल्या आणि कोणाला न सांगता बंद केल्या. पुढच्या खेपेला साखर तशीच पाहून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले.

ज्या माणसाने देव नाकारला, बाबा-महाराज नाकारले, तो आता आपल्या शरीराकडे डोळसपणे पाहील, अशी कोणाचीही अपेक्षा असते. पहिल्या भेटीत माधवरावांनी मात्र सांगितले, "मॅडम, बापाला होती, मला होणारच होती. रक्तातलंच हाय ते, तिथं मी काय करणार?" देवाने नशिबात लिहिले म्हणून हात जोडून बसणारा माणूस आणि रक्तात आले म्हणून हात जोडून बसणारा माणूस यांच्या वागण्यात मला काही अंतर दिसेना. त्यातच गोळ्या सोडल्यानंतर ते मोबाइलवर मधुमेह कायमचा घालवण्याची हमी देणाऱ्या एका काढ्याचे व्हिडिओ पाहून तो काढा मागवू लागले होते. गावातला बाबा गेला होता, पण त्याची जागा त्यांनी मोडलेली नव्हती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये संकटाला तोंड देणाऱ्या श्रद्धावानांच्या तीन रीती मांडल्या: सगळे देवावर सोपवून वाट पाहणे, देवाने हातपाय आणि बुद्धी दिली आहे म्हणून आपले आपण मार्ग काढणे, आणि देवाला सोबतीला धरून स्वतः प्रयत्न करणे. मला या मांडणीचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी होतो. सोपवून बसण्याची सवय ही श्रद्धेपेक्षा चिवट असते आणि श्रद्धा गेली तरी ती मागे राहू शकते. उलट रोज पूजा करणारी आणि तितक्याच नेमाने गोळी घेणारी, पाय तपासणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून धर्म सोडल्याने माणूस आपोआप आपल्या प्रकृतीची जबाबदारी घेतो असेही नाही, आणि धर्म धरल्याने ती टाळतो असेही नाही. समुपदेशकाने कोणाला देवाकडे ओढू नये आणि देवापासून तोडूही नये, हे माझे मत आहे. राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिलेले आहे, ते माळ घालणाऱ्याला जितके आहे तितकेच माळ उतरवणाऱ्यालाही आहे.

आनुवंशिकतेचा मुद्दा तुलनेने लवकर मिटला, कारण माधवराव हिशेबी आहेत. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असला तर मुलांचा धोका वाढतो हे खरेच आहे, पण पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे काय होईल हे रक्तावर ठरून गेलेले नसते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या 2000 मधील निष्कर्षांनुसार, एचबीएवनसी एक टक्क्याने कमी असेल तर बारीक रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा त्यांनी मला दोनदा विचारून घेतला. तरीही गोळ्या सुरू झाल्या नाहीत, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की अडचण माहितीची नाही.

ती वडिलांच्या पायात होती. वडिलांना पंधरा-सोळा वर्षांचा मधुमेह होता. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही मंदावू शकतो, त्यामुळे चपलेचा खिळा रुतला तरी कळत नाही आणि झालेली जखम दुखत नसल्यामुळे ती बरी होत आहे असा समज होतो. वडिलांच्या टाचेची जखम अशीच काळी पडत गेली. कोणीतरी शेजारच्या तालुक्यातल्या एका बाबाचे नाव सुचवले. त्याने अंगारा दिला, जखमेवर लावायला कसली तरी राख दिली आणि गोळ्या चालू ठेवल्या तर गुण येणार नाही अशी अट घातली. पुढचे पाच गुरुवार वडिलांना तिकडे नेण्यात आले. शेवटी शहरातल्या रुग्णालयात गुडघ्याखालून पाय काढावा लागला आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्यांचा अंत झाला.

ही हकिगत माधवरावांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती, पण त्यांच्या वाक्यांना कर्ता नव्हता: वडिलांना नेण्यात आले, गोळ्या बंद करण्यात आल्या. चौथ्या भेटीत मी सरळ विचारले की गुरुवारी त्यांना घेऊन कोण जात होते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच. माझ्याच गाडीवर, मागं बांधून न्यायचो. अण्णा नको म्हणत होते."

त्यानंतरचे बोलणे रागाचे नव्हते. देव खोटा निघाला, बाबा लबाड निघाला, असे म्हणत राहिले की त्या मोटारसायकलवर पुढे बसलेल्या मुलाकडे पाहावे लागत नव्हते. प्रकृतीची जबाबदारी आपली असते हे वाक्य डॉक्टर त्यांच्या भल्यासाठी उच्चारत, पण माधवरावांना त्यात ऐकू येई की अण्णांचा पाय तुझ्यामुळे गेला. स्वतःच्या साखरेचा हिशेब हातात घेणे म्हणजे तोही हिशेब मान्य करणे, अशी त्यांच्या मनाने गाठ मारून ठेवली होती, आणि त्यापेक्षा रक्ताला बोल लावणे किंवा व्हिडिओतल्या काढ्यावर विसंबणे त्यांना सोपे जात होते. माळ उतरवण्यामागे केवळ विवेक होता असे मला वाटत नाही. त्यात आपणच आपल्याला दिलेली शिक्षाही होती. वारकरी संतांनी नवसांवर आणि अंगाऱ्याधुपाऱ्यांवर कठोर टीका केलेली आहे, हे लहानपणापासून कीर्तन ऐकणाऱ्या माधवरावांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, तरीही बाबाचा राग त्यांनी गळ्यातल्या तुळशीवर काढला.

अशा वेळी "तुमची काही चूक नव्हती" असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मला होतो, पण तो मी आवरते, कारण समोरच्याला ते खरे वाटत नाही आणि मग तो पुढचेही ऐकत नाही. मी त्यांना उधारीची एक कोरी वही आणायला सांगितली. डाव्या पानावर जखम दिसल्यापासूनच्या प्रत्येक आठवड्यात त्यांना त्या वेळी काय माहीत होते ते लिहायचे आणि उजव्या पानावर जे नंतर कळले ते लिहायचे, एवढेच काम दिले. मधुमेहात पाय बधिर होतो, काळी पडलेली कातडी मेलेली असते, दुखणे थांबणे हे वाईट लक्षण असू शकते, या सर्व गोष्टी उजव्या पानावर गेल्या. डाव्या पानावर वडिलांना वाचवण्याची धडपड होती, पैशाची ओढाताण होती, आणि तिसऱ्या आठवड्यात एका नातेवाइकाने दवाखान्यात चला म्हटले असताना त्यांनी ते टाळले होते हेही होते. ती एक नोंद खोडायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. तेवढ्यापुरती जबाबदारी त्यांची होती आणि तिचे दुःख करायला त्यांना जागा मिळायला हवी होती. मृत्यूची सगळी जबाबदारी मात्र त्यांच्या एकट्याच्या अंगावर बसत नव्हती, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात वाचता आले. त्या आठवड्यानंतर गोळ्या सुरू झाल्या.

दरम्यान घरात दुसरा प्रश्न धुमसत होता. त्यांच्या पत्नी एका भेटीला आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "यांनी माळ उतरिवली अन् घरात दुखणं आलं. मी नाही म्हणत, पण लोक म्हणतात." त्यांनी तुळजापूरच्या देवीला नवस बोलला होता आणि नवऱ्याच्या नकळत त्या दुधात अंगारा घालत होत्या. मी त्यांच्या देवीविषयी काही बोलले नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह पुष्कळदा निदान होण्याआधी काही वर्षे शरीरात असतो, म्हणजे माधवराव माळ घालून हरिपाठाला बसत होते तेव्हाही तो सुरू झालेला असू शकतो, एवढेच मी त्यांना समजावले. त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटते त्यांना शंकेपेक्षा शंकेचा अपराध जास्त छळत होता. तडजोड अशी ठरली की त्यांचा नवस, उपवास आणि तुळजापूरला जाणे चालू राहील, माधवराव त्याची टवाळी करणार नाहीत, आणि नवऱ्याच्या ताटात किंवा पेल्यात त्यांना न सांगता काहीही पडणार नाही. ज्या विधीमुळे उपचाराला उशीर होत नाही, गोळीची वेळ चुकत नाही आणि कोणी भीती घालत नाही, त्याच्याशी माझे भांडण नसते. येथे उपवास करणाऱ्या मधुमेहींसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे: साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर 70 च्या खाली उतरून घाम, थरथर आणि गुंगी येऊ शकते, आणि साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने फराळानंतर ती भराभर चढते. नवरात्र किंवा श्रावण लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळ्यांची मात्रा ठरवून घ्यावी.

माळेबरोबर आणखी काय गेले, याचा विचार माधवरावांनी केलेला नव्हता. माळकरी असताना ते पहाटे उठत, दारू आणि तंबाखूला शिवत नसत, वेळेवर जेवत, दिंडीत दिवसाला वीसेक किलोमीटर चालत आणि संध्याकाळी चार माणसांत बसत. माळ उतरल्यावर मोकळेपणाच्या भरात ढाब्यावरची जेवणे सुरू झाली, आठवड्यातून दोन-तीनदा पिणे सुरू झाले, आणि भजनी मंडळातल्या ज्या मित्रांशी तीस वर्षांचा संबंध होता ते रस्ता बदलू लागले, किंवा हेच त्यांना टाळू लागले. हे सगळे नियम देवाच्या भीतीने पाळले होते, मग देवच नसेल तर ते कशासाठी, असा त्यांचा सवाल होता आणि तो गैर नव्हता. मी त्यांना प्रत्येक नियम वेगळा काढून, तो आपल्याला आज हवा आहे का, हे कोणाच्याही नावाशिवाय ठरवायला सांगितले. एकादशी त्यांनी सोडली. मटण महिन्यातून एकदा ठेवले. दारूवर आमची बराच काळ घासाघीस झाली आणि आजही तो विषय पूर्ण संपलेला नाही. पहाटेचे चालणे मात्र त्यांनी स्वतःहून परत घेतले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून ते रोज पाऊण तास चालतात, आणि त्यांच्याबरोबर मंडळातला त्यांचा जुना पखवाजवादक मित्र असतो, ज्याची माळ अजून गळ्यात आहे. या मैत्रीचा गोळ्यांइतकाच उपयोग झाला असे मी म्हटले तर डॉक्टर हसतील, पण मी ते म्हणेन.

वर्षभरात एचबीएवनसी 7.6 पर्यंत आले. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, आणि रोज रात्री दोन्ही तळपाय आरशात पाहणे हे त्यांनी ठरवून घेतले आहे. पाय पाहणे सुरुवातीला त्यांना जमत नसे, अण्णांची टाच समोर येई; काही आठवडे पत्नीच बॅटरी धरून पाहत असत. ज्यांच्या जवळपास समुपदेशक नाही त्यांनी अशा अवघड दिवसांत 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलावे. मराठीत बोलता येते.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पुढेमागे इन्सुलिन लागू शकेल असे सांगितले आणि माधवराव पुन्हा त्याच पायरीवर आले. "एवढं सगळं केलं, तरी सुई? म्हणजे मीच कुठंतरी कमी पडलो ना?" आधी ते सारा भार रक्तावर टाकत होते, आता सगळाच स्वतःच्या डोक्यावर घेऊ पाहत होते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद वर्षांगणिक घटत जाते आणि नीट पथ्य पाळणाऱ्यालाही पुढे बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागू शकते. ही माहिती त्यांना आहे. त्या जुन्या वहीत त्यांनी ती उजव्या पानावर लिहूनही घेतली आहे. डाव्या पानावर काय लिहायचे यावर आम्ही सध्या बोलत आहोत.