तळ्यातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोरलजवळ तिघा मित्रांनी घेतलेल्या फार्मवर जुना मातीचा बांध आहे. उंची सुमारे ५ मीटर, सांडवा (तळं भरल्यावर जादा पाणी जायची वाट) ६ मीटर रुंद, सांडव्यापासून बांधाचा माथा १.२ मीटर उंच आणि मागे ४० हेक्टरांचं पाणलोट. पावसाळ्यात मासे निसटतात म्हणून सांडव्यावर जाळी ठोकायची, आणि गाडी पलीकडे जावी म्हणून माथा दीड फूट तासून रुंद करायचा. खाली नाल्याकाठी पंधराएक घरांचा फळिया, म्हणजे पाडा आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथूनच वाचायला सुरुवात केली.

दोन्ही करू नका. माझी ३१ वर्षं माळव्यातल्या लहान तलावांवर गेली. आता इंदूरला लोकमान्य नगरात घरी बसलोय, पण हा प्रश्न वाचून स्वस्थ बसवेना.

आधी हिशोब बघा. पाणलोटावर तासाभरात ७५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दोन तृतीयांश वाहून आला, तर तळ्यात सेकंदाला साधारण साडेपाच घनमीटर पाणी येतं. इंदूरला ऑगस्ट २०२० मध्ये एका दिवसात १० इंचांच्या वर पाऊस झाला होता, तेव्हा असा तास येऊ शकतो हे धरूनच चालावं. ६ मीटरचा सांडवा मोकळा असेल तर एवढं पाणी जायला त्यावर ६६ सेंटिमीटर उंचीची धार लागते. तुमच्या बांधाला ते झेपतं. आता जाळी निम्मी तुंबली असं धरा. तेच पाणी ३ मीटरमधून जाणार, म्हणजे धार होते १ मीटर ५ सेंटिमीटर. माथा तासून तुम्ही उंची ठेवलीत जेमतेम ७५ सेंटिमीटर. पाणी बांधावरून गेलं! तळ्यात साठणाऱ्या पाण्याची सूट मी धरलेली नाही, पण तळं आधीच भरलेलं असताना तिच्यावर विसंबू नये.

आणि जाळी निम्मीच तुंबेल असं कशावरून? तुमच्या भागात सागाचं जंगल आहे. सागाचं एक पान ताटाएवढं असतं, ओलं झालं की जाळीला पोटीस बांधल्यासारखं चिकटतं. त्यावर काडीकचरा आणि शेतातलं काड येऊन बसलं की जाळीची भिंत होते. नोकरीच्या सुरुवातीला एका खाजगी तलावावर हे मी रात्री दोन वाजता पाहिलं. मासेवाल्यानं जाळी लावली होती. कमरेला दोर बांधून दोन जण विळ्यानं ती कापायला बघत होते, पण पाण्याच्या दाबापुढे हात चालेना. तोवर माथ्यावरून वीतभर पाणी सुरू झालं होतं. आधी खालच्या उताराचा पायथा धुपला, मग तो खड्डा मागे सरकत सरकत माथ्यापर्यंत आला. मातीचा बांध असाच जातो, खालून वर. माणसं वाचली, पण खालच्या शेतांवर मुरूम पसरला आणि ती जमीन कित्येक वर्षं नांगराला लागली नाही.

तुम्ही जे दोन बदल सुचवताय, अगदी तेच दोन अमेरिकेत झालेले आहेत, म्हणून सांगतो. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण श्रीमंतांच्या एका क्लबनं मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलं. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणला, मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते, ते क्लबनं पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यात २,२०९ माणसं मेली. तुमचं तळं त्यापुढे फारच लहान, हे मान्य. पण पंधरा घरांना ते पुरेसं आहे.

म्हणून तुमच्या तळाची मोरी, म्हणजे तळातून पाणी सोडायची वाट, चालते का, हे याच उन्हाळ्यात बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणातून गळती सुरू झाली, तेव्हा १८ गावं रिकामी करून, पोकलेन लावून बाजूनं चर खणून पाणी काढावं लागलं. तुमच्याकडे ऐन वेळी पोकलेन कुठून येणार? धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, पण तो १५ मीटरपेक्षा उंच आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागतो. त्या कायद्याखाली तुमच्या बांधावर कुणी तपासणीला येणार नाही. बघणारे तुम्हीच.

गाडीचं म्हणाल तर ती अलीकडेच उभी करा, माथ्यावरून चालत जा. रस्ता हवाच असेल तर उंचीला हात न लावता खालच्या उतारावर पायऱ्या कापून, वीतभराच्या थरांनी मुरूम दाबून बांध रुंद करा. माथ्यावरही मुरमाचा थर हवा, कारण काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पहिलं पाणी त्या भेगांत शिरतं.

माशांचा उपाय सोपा आहे. रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर पिल्लं) जुलैत सोडूच नका. सांडवा वाहायचा थांबला की ऑक्टोबरात सोडा आणि मेअखेर मासे काढून घ्या. तरीही अडसर पाहिजेच असेल तर सांडव्यावर नको, तळ्याच्या आत ८-१० मीटर अलीकडे ३० मीटर लांबीची अर्धगोल जाळी लावा आणि तिची वरची कड सांडव्याच्या पातळीपेक्षा वीतभरच वर ठेवा. ती पूर्ण तुंबली तरी पाणी तिच्यावरून सांडव्याकडे जाईल. काही मासे जातीलच, जाऊ द्या.

पायथ्याशी ओल दिसली तर वाटीत पाणी धरून बघा. नितळ असेल तर रोज नजर ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय असं समजा, मोरी उघडा आणि फळियातल्या लोकांना लगेच सांगा. त्यांच्यापैकी दोघांचे फोन नंबर पावसाळ्याआधीच घेऊन ठेवा.